कॉलरवरचा धागा

माझा भाऊ जून 2023 पासून दारू प्यायलेला नाही. हे लिहू का म्हणून त्याला आधी विचारलं, तो म्हणाला लिही ताई, फक्त नाव घालू नको, म्हणून इथे तो नुसता बाब, घरी तसंही आम्ही त्याला तेच म्हणतो. पण मला त्याच्या पिण्यापेक्षा आमच्याबद्दल जास्त लिहायचंय, कारण तो सुटला तरी आम्ही अजून पूर्ण सुटलेलो नाही.

मी लग्न होऊन गोव्यातल्याच फोंड्याला आले, माहेर डिचोली तालुक्यात. माहेरी गेले आणि बाब दारात दिसला की मी पुढे होऊन त्याच्या कॉलरवरचा धागा काढायचे. धागा नसायचाच. तेवढं जवळ गेलं की वास कळतो म्हणून. इतकी वर्षं हे केलं की मला सगळे वास वेगवेगळे ओळखता यायला लागले, फेणीचा वेगळा, व्हिस्कीचा वेगळा, वेलची चघळून आलेला वेगळा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आल्यावरही घामातून येणारा तो आंबूस गोडसर वास. फोनवरसुद्धा कळायचं, 'हॅलो' कसा म्हणतो त्यावरून. माझे मिस्टर म्हणायचे तू भावाला भेटायला जातेस की तपासायला, आणि मला राग यायचा कारण ते खरं होतं.

बाबचा ट्रक होता, खाणीवर टिपर. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागात दारादारात ट्रक उभे राहिले, टायरांना गवत वेढायला लागलं, आणि बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. मग मधे थोडं सुरू झालं आणि 2018 च्या मार्चमध्ये परत बंद. शेवटी ट्रक विकला, कर्ज फिटलं नाही ते नाहीच. आम्ही सगळ्यांना हेच सांगायचो, खाण बंद झाली म्हणून पोराची अशी दशा. आणि टेन्शन होतंच, नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याच वाड्यावर ट्रक गेलेले आणखी कितीतरी जण आहेत जे प्यायला लागले नाहीत, आणि बाब 2012 च्या आधीपासून रोज संध्याकाळी पीत होता हे आम्हाला माहीत होतं. खाण हे आमचं सांगायचं कारण होतं. लोकांना सांगायला बरं वाटतं.

आम्ही काय काय झाकलं ते सांगते. आई बारवाल्याची उधारी फेडायची, घरखर्चातून, गुपचूप, का तर बारवाल्याने चार लोकांत विषय काढू नये. ट्रक गेल्यावर त्याला एका गोडाऊनवर ड्रायव्हरची नोकरी लागली तर सकाळी उठवत नाही म्हणून मी फोंड्याहून त्याच्या शेटला फोन करायचे, बाबला ताप आहे. महिन्यातून तीनदा ताप. भावजयीने पाटल्या गहाण ठेवल्या आणि सासूला सांगितलं लॉकरमध्ये आहेत. प्रत्येकीला वाटत होतं आपण घर सांभाळतोय. पण बघा ना, त्याला त्याच्या पिण्याचा एकही चटका आम्ही लागू दिला नाही, सगळे चटके आम्हीच वाटून घेतले, मग तो कशाला सोडेल?

आता लईराईचं सांगते कारण ते मला सगळ्यात जास्त टोचतं. बाब धोंड आहे, म्हणजे लईराई देवीचा व्रत धरणारा भक्त. शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, त्याआधी धोंडांचं व्रत असतं, सोवळं, एकभुक्त, दारूचा थेंब नाही. बाब दर वर्षी व्रतात दारू बंद करायचा. पूर्ण बंद. आणि आम्ही सगळे, आईपासून शेजाऱ्यांपर्यंत, म्हणायचो बघ, मनात आणलं तर सोडू शकतो, याला व्यसन नाही, याला नुसता हट्ट आहे. त्या चार-पाच दिवसांच्या जोरावर आम्ही बाकीचं वर्ष काढायचो. व्रतात त्याचे हात थरथरायचे, रात्री झोप नसायची, कपडे घामाने ओले, आणि आई म्हणायची देवी परीक्षा बघते.

2022 ला व्रताच्या दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. दात आवळलेले, तोंडाला फेस, भावजय किंचाळत होती. 108 ला फोन केला, गाडी आली, बांबोळीला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तोपर्यंत आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं की रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि बंद केल्यापासून दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम, तडफड असं सुरू होऊ शकतं ज्याला डिलिरियम म्हणतात, त्यात माणूस दगावूसुद्धा शकतो. बाबला तिसऱ्या दिवशी चादरीवर मुंग्या दिसत होत्या, तो त्या एकेक करून वेचून मला देत होता, घे ताई, घे ताई, आणि मी हात पुढे करून घेत होते. डॉक्टरांनी विचारलं याआधी असं मधेच बंद केलं होतं का. आम्ही अभिमानाने सांगितलं हो, दर वर्षी. तेव्हा त्यांनी समजावलं की असं दर वेळी एकदम तोडलं की मेंदू प्रत्येक वेळी जास्त चवताळतो, पुढच्या खेपेला त्रास वाढू शकतो. आम्ही ज्याला दर वर्षी देवीची कृपा म्हणत होतो तेव्हा खरं तर त्याचं शरीर ओरडत होतं. यात देवीचं किंवा व्रताचं काही वाईट म्हणायचं नाहीये मला, तो आजही धोंड आहे. पण कोणाच्या घरी रोज पिणारा माणूस असेल आणि तुम्ही ठरवत असाल की त्याला खोलीत कोंडून चार दिवसांत सोडवू, तर प्लीज नको. आधी डॉक्टर. तिथे पहिले काही दिवस गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, बी-1 म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात कारण दारूने ते शरीरातून संपलेलं असतं आणि त्याशिवाय मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पुढे मानसोपचारवाल्यांकडे, म्हणजे तिथेच बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात जायचं निघालं तेव्हा आई बसकण मारून बसली. आमच्याकडे 'बांबोळीला नेलं' म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात. आई म्हणाली माझा मुलगा पिसो नाही. मी म्हटलं आई, तो वेडा नाही, तो आजारी आहे, आणि तू पण गप्प बसून आजारी पडली आहेस. अशी मी आईशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

डिस्चार्जनंतर गोळीचा विषय. डायसल्फिराम नावाची गोळी असते, ती घेतलेली असताना दारू प्यायली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, कधीकधी जिवावर बेततं, म्हणून माणूस प्यायला धजत नाही. आईला ते ऐकून इतका आनंद झाला की तिने हळूच मला विचारलं, चहात घालून दिली तर? मला तिचा राग नाही आला, रडू आलं. पण असं कधीच करायचं नाही. त्याला माहीत नसताना दिली आणि तो वर प्यायला तर तुम्ही आपल्याच माणसाचा जीव धोक्यात घातला. गोळी त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीत, तीही सगळ्यांना चालत नाही, लिव्हर बघून देतात. आणि भिंतीवर 'न कळत दारू सोडवा' लिहिलेलं असतं ना, त्या पुड्यांवर आम्ही आधीच दोनदा पैसे घालवले होते. त्यात काय होतं देव जाणे.

मग दहा महिने चांगले गेले. आणि मग मार्च आला.

ज्यांनी मार्च-एप्रिलमध्ये आमच्या बाजूचं गाव बघितलं नाही त्यांना कळणार नाही. काजूची बोंडं पडायला लागली की हवेलाच वास असतो, बोंडं तुडवतात, रस आंबायला ठेवतात, भट्टी पेटते, पहिल्या धारेचा हुर्राक निघतो आणि तोच परत गाळला की फेणी. सगळ्या गावाला तो वास. मी ज्या वासाला घाबरत होते तो आता सगळीकडे होता, धागा काढून काय कळणार? एका नातेवाईकाकडे त्याला निरो दिला, बोंडांचा ताजा गोड रस, लहान मुलंसुद्धा पितात, त्यात दारू नसते. पण तो काही तासांतच आंबायला लागतो, आणि ज्याचा मेंदू त्या चवीला ओळखतो त्याला ती चवच पुरते. देणाऱ्याचा दोष नाही, त्यांनी प्रेमाने दिला. बाबने दुसऱ्या दिवशी हुर्राक घेतला. आठवड्यात सगळं पहिल्यासारखं.

त्या तीन महिन्यांत मी एक गोष्ट शिकले. म्हणजे शिकवलं मला दुसऱ्यांनी. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सगळ्यांना माहीत असतं, 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सांभाळत सुरू केलं ते, गोव्यात त्यांच्या मीटिंगा ठिकठिकाणी होतात, चर्चच्या हॉलमध्ये, शाळांत, आणि हिंदू घरातली माणसंही जातात. पण घरच्यांसाठी वेगळं अल-अनॉन असतं, 1951 पासून आहे, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. तिथे कोणी काय सांगितलं ते बाहेर सांगायचं नसतं म्हणून दुसऱ्यांचं काही लिहीत नाही. माझं सांगते. मी पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं फक्त बाबबद्दल बोलले, तो काय पितो, कुठे पितो, किती पितो, आणि शेवटी एका बाईंनी अगदी मायेने विचारलं, आणि तू कशी आहेस? मला उत्तरच देता आलं नाही. झोप लागते का, जेवतेस का, शेवटचं कधी हसलीस, काहीच आठवेना.

त्यांच्यात म्हणतात की हे तुम्ही लावलेलं नाही, तुमच्या हातात नाही आणि तुम्ही बरंही करू शकत नाही. ऐकायला असं वाटतं की हात झटकले. तसं नाहीये. घरी येऊन मी आईला आणि भावजयीला घेऊन बसले आणि तिघींनी ठरवलं, उधारी फेडायची नाही, शेटला फोन नाही, खोटं नाही. जेवण मिळेल, दवाखान्यात न्यायला मध्यरात्री पण येऊ, प्यायला पैसे नाहीत आणि प्यायलेला असताना भांडण नाही, बोलणं सकाळी. आईने दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा नाही मोडलं. नोकरी गेली. बारवाला दारात आला, आईने सांगितलं तो घरात आहे, त्याच्याशी बोला. सत्तर वर्षांच्या बाईला हे वाक्य बोलायला किती जड गेलं ते तिच्या हातांकडे बघून कळत होतं. एक मात्र म्हणते, आमच्याकडे मारहाण नव्हती. जिथे ती आहे तिथे आधी बाईने आणि मुलांनी सुरक्षित जागी जायचं, बाकी सगळं नंतर.

जूनमध्ये पहिल्या पावसात त्याचाच फोन आला. ताई, मला परत घेऊन चल. 'परत' म्हणाला. आणि या वेळी दवाखान्यानंतर तो एएला जायला लागला, सुरुवातीला रोज.

पण खरं सांगायचं ते आता. तो सुधारत होता आणि आम्ही पहारा सोडत नव्हतो. पाच मिनिटं उशीर झाला की भावजयीचा फोन, खिसे बघणं, माझा धागा. एकदा गेले तर माझी भाची, आठ वर्षांची, टीव्ही बघताना बापाच्या खांद्याला चिकटून बसली होती, किती गोड दिसत होतं ते, आणि मग मला दिसलं की ती त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन श्वास घेतेय. हळूच. जसा मी घेते तसाच. मला वळून म्हणाली, आत्या, आज नाहीये. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती आम्हाला बघत होती. बाब टीव्हीकडेच बघत राहिला, त्याने ऐकलं होतं.

त्या रात्री मी त्याला धाग्याचं सांगितलं. तो म्हणाला माहितीय, कधीपासून माहितीय, तू कॉलरला हात लावलास की मी श्वास धरून ठेवायचो. वीस वर्षं आम्ही दोघं असे उभे राहत होतो, एक वास घ्यायला आणि एक श्वास धरून.

भाचीशी आता तोच बोलतो. तिला सांगितलंय की पप्पांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि बघायचं काम मोठ्यांचं, तुझं नाही. काउन्सेलरने सांगितलं होतं मुलांना खरं सांगा, त्यांना झेपेल एवढं. भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं काही जास्त झालं की तो स्वतःच सांगतो, आज बरं नाही वाटत, आणि मीटिंगमधल्या मित्राला फोन लावतो. मार्चमध्ये तो गावात थांबत नाही, फोंड्याला आमच्याकडे येऊन राहतो, इथूनच कामाला जातो. काही लोक हसतात, हुर्राकाला भिऊन पळाला म्हणतात. हसू देत.

एक राहिलं. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास झाला होता, 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी थोडीच सेशन्स घेऊन जास्त पिणाऱ्या पुरुषांना समुपदेशन केलं आणि त्याचा उपयोग झाला. ते अजून पूर्ण आहारी न गेलेल्यांसाठी होतं. म्हणजे बाब 2012 च्या आधी जिथे होता तिथल्यांसाठी. कोणाचा नवरा, भाऊ, मुलगा आज त्या जागी असेल तर आम्ही थांबलो तसं फिट येईपर्यंत थांबू नका. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416 ही टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, घरच्यांनीही फोन केलेला चालतो.

मी अजून रात्री कधीकधी दचकून उठते, फोन वाजला असं वाटून. अल-अनॉनला जाते, बाब गुरुवारी मला तिथे सोडतो आणि गाडीत बसून वाट बघतो. गेल्या वेळी उतरताना माझा हात सवयीने त्याच्या कॉलरकडे गेला. मी मागे घेतला. तो म्हणाला, काढ ताई, खरंच आहे धागा, आणि खरंच होता, पांढरा, शर्ट नवीन होता ना.