आमची वाटचाल : सोड्याची टाकी अन् तिचं पेटंट

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, बाबांच्या काळात दुधाचे कॅन आणि हॉटेलची भांडी व्हायची. सोड्याच्या टाकीकडे आम्हाला वळवलं ते केटरर लोकांनी. मे मधली लग्नं, पारा ४५ च्या आसपास, पाहुणे आले की आधी लिंबू सोडा मागतात, आणि सगळ्यांची तक्रार सारखीच, "भाऊ, पहिल्या ग्लासात निस्ता फेस येते अन् शेवटच्यात गॅसच राहत नाही."

कारण साधं आहे. ४ डिग्रीच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो त्याच्या जेमतेम एक तृतीयांश ४० डिग्रीला विरघळतो, मग टाकी तापली की गॅस बाहेर यायला बघतो, आतलं प्रेशर चढतं आणि नळ उघडला की सगळा फेसच.

आम्हाला दिशा मिळाली गोटी सोड्याकडून. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये त्या बाटलीचं पेटंट घेतलं होतं, त्यात गॅसचं प्रेशरच गोटीला रबराच्या रिंगवर दाबून धरतं, वेगळं बूच लागतच नाही. मला तर ही कल्पना आजही जबरदस्त वाटते! आम्ही झाकणात स्प्रिंगवाली एक पिन बसवली, बोटाएवढी, टोकाला निमुळती. प्रेशर चढलं की पिन वर सरकते, झाकणाचा लिव्हर लॉक करते आणि तिचं निमुळतं टोक नळाची वाट अरुंद करतं, त्यामुळे सोडा हळू उतरतो, फेस कमी. प्रेशर पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडतच नाही.

लेथवाले काका म्हणाले, "बाप्पा, हे कोणाले दाखवू नका आधी." अगदी खरं बोलले, कारण अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघात मांडली तर नवेपणाच जाऊ शकतो, आणि पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं. एका प्रदर्शनाचं बोलावणं होतं, आम्ही आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाकला, मगच स्टॉल लावला. त्यानंतर १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे वस्तूचं पूर्ण वर्णन, द्यावं लागतं. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात, पण ऑनलाइन होतं सगळं.

खरा कस लागला तो पेटंट ऑफिसचा एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे अर्जावरचे आक्षेप, आल्यावर. प्रेशर असताना न उघडणारं झाकण जुनं आहे, प्रवाह कमी करणारी नळी बीअरच्या केगवाल्यांकडे (केग म्हणजे बीअरचं पिंप) केव्हाचीच आहे, मग तुमचं नवीन काय? उत्तराला ६ महिने मिळतात, आमच्या पेटंट एजंट मॅडमनी क्लेम, म्हणजे 'एवढं आमचं' हा दावा, छाटून छाटून एका गोष्टीवर आणला, एकच पिन दोन्ही कामं करते, एवढंच आमचं. क्लेम बारीक झाला पण पक्का झाला, आणि पेटंट मिळालं! अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तेही फक्त भारतात, आणि रिन्यूअल फी वेळच्या वेळी भरली तरच.

एक गोष्ट नवीन युनिटवाल्यांना मुद्दाम सांगतो, पेटंट म्हणजे सेफ्टीचं सर्टिफिकेट नाही. प्रेशरच्या वस्तूचे नियम वेगळे, ते बघणारी सरकारी संस्था पेसो, तिचं मुख्य ऑफिस नागपुरात आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे, तिथे आधी नीट विचारून घ्या. आम्ही प्रत्येक टाकी पाणी भरून, वापरायच्या प्रेशरच्या दीडपट प्रेशर देऊन टेस्ट करतो, मगच गाडीत चढते.

सध्या हातगाडीवाल्यांसाठी ५ लिटरचं मॉडेल चालू आहे. किंमत अजून त्यांना झेपेल अशी बसत नाहीये, पिन पितळेची केली तर स्वस्त पडेल पण लिंबू आणि सोडा दोन्ही आंबट, पितळातलं तांबं पेयात उतरतं, म्हणून पिन ३१६ स्टीलचीच (आंबटाला टिकणारं स्टेनलेस स्टील) ठेवलीय, खर्च आता स्टँडमध्ये कमी करून बघतोय.