बेरीज जुळली, दोन पानं हरवली

जुलैतला शुक्रवार. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून घणसोलीला उतरलो आणि शेअर रिक्षाने महापेच्या ऑफिसात पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत भिजलो होतो. जागेवर बसतो न बसतो तोच सपोर्टवाल्यांचा फोन. ऐरोलीच्या डेटा सेंटरमधल्या एका ग्राहकाकडे रात्रीत दुसऱ्यांदा तेच घडलं होतं: मुख्य प्रोसेस बंद पडली, पण राखीव प्रोसेसला वेळेत ताबा घेता आला नाही.

आम्ही स्टोरेज सर्व्हर बनवतो आणि त्यांचं लिनक्स कर्नेल, म्हणजे मेमरी आणि हार्डवेअर सांभाळणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ५.१० आवृत्तीच्या शाखेतलं, आम्हीच बांधतो. ताबा घ्यायला तीन सेकंदांची मुदत असते. या ग्राहकाच्या जुन्या सर्व्हरांवर १६ जीबीचा बफर पूल, म्हणजे डेटा ये-जा करायला राखून ठेवलेली मेमरी, होता, तिथे वर्षभर काही तक्रार नव्हती. नव्या सर्व्हरांवर पूल ६४ जीबीचा होता. आमच्या लॅबमधल्या तशाच सर्व्हरवर मुख्य प्रोसेस मुद्दाम मारून पाहिली. मेमरी मोकळी व्हायलाच साडेतीन सेकंद. ती मोकळी झाल्याशिवाय राखीव प्रोसेसला पूल मिळत नाही.

एवढा वेळ नेमका कशात जातो ते सांगायला हवं. मेमरी ठरावीक आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते, त्यांना पानं म्हणतात. ही पानं कर्नेल एरवी हवी तशी हलवतं, एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवतं. पण नेटवर्क कार्ड थेट मेमरीत लिहीत असेल तर त्याला दिलेला पत्ता मध्येच बदलून चालत नाही. म्हणून ती पानं पिन करायची, म्हणजे ‘हे हलवू नका’ अशी नोंद प्रत्येकावर करायची. २०२० साली कर्नेलच्या ५.६ आवृत्तीत त्यासाठी ‘पिन युझर पेजेस’ हा वेगळा मार्ग आला. पिन करण्याबद्दल सगळे बोलतात, कारण ते काम सुरू होताना होतं आणि लोक त्याची वाट बघत बसलेले असतात. सोडण्याकडे कुणी बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं.

६४ जीबी म्हणजे ४ केबीची १,६७,७७,२१६ पानं. आमचा पूल २ एमबीच्या ह्यूज पेजचा, म्हणजे खऱ्या अर्थाने ३२,७६८ मोठीच पानं. पण ५.१० मधलं ‘अनपिन युझर पेजेस डर्टी लॉक’ हे पानं सोडणारं फंक्शन पिन केलेल्यांच्या यादीतल्या प्रत्येक छोट्या पानासाठी वेगळी फेरी मारतं: त्याचं मुख्य पान शोध, ते डर्टी आहे का, म्हणजे त्यात काही लिहिलं गेल्याची नोंद आहे का बघ, ते किती जणांनी धरलंय त्या मोजणीतून एक वजा कर (ती शून्यावर आली की पान मोकळं), आकडेवारीत नोंद कर. एकाच ह्यूज पेजसाठी हे ५१२ वेळा, त्याच त्या मोजणीवर, आणि प्रत्येक वजाबाकी अ‍ॅटॉमिक. म्हणजे ती चालू असताना दुसरं कुणी त्या मोजणीला हात लावू शकत नाही, म्हणून ती संथ. पर्फ हे वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन लावल्यावर सगळा वेळ तिथेच दिसला. पूल चौपट झाला तसा वेळही चौपट झाला, इतकं ते सरळ होतं.

उपायही नवा नव्हता. २०२१ मध्ये ५.१३ त हेच सुधारलं गेलं आहे. यादीत एकाच ह्यूज पेजची किती पानं लागोपाठ आहेत ते मोजायचं आणि तेवढी एका झटक्यात वजा करायची. ते बदल जसेच्या तसे आमच्या शाखेत आणायचे, एवढंच काम होतं.

मी ते जसेच्या तसे आणले नाहीत. त्या पद्धतीत वजाबाकी एकदाच होते, पण लागोपाठची पानं मोजायला यादीतली प्रत्येक नोंद उघडून बघावीच लागते. मला वाटलं, आपला पूल सगळा २ एमबीचाच आहे, मग बघायचं कशाला? ५१२ वजा करा आणि ५१२ पुढे उडी मारा. दुपारी बाराला कर्नेल तयार झालं. साडेतीन सेकंदांच्या जागी १२ मिलिसेकंद! मी माझी चाचणी दोनदा चालवून पाहिली. मग प्रॉक व्हीएमस्टॅट ही कर्नेलच्या मेमरीच्या आकडेवारीची फाइल उघडली. तिथे दोन आकडे असतात, आजवर किती पानं पिन केली आणि किती सोडली. दोन्ही शेवटच्या अंकापर्यंत सारखे. मी ते कर्नेल टेस्टिंगला दिलं आणि जेवायला गेलो.

अडीचच्या सुमारास टेस्टिंगमधली मुलगी स्वतःच माझ्या जागेपाशी आली. “दादा, ताबा झटकन मिळतोय. पण दर वेळी दोन पेज परत येत नाहीयेत.”

तिने मुख्य प्रोसेस ५० वेळा मारली होती. मेमइन्फो या दुसऱ्या फाइलमधला ‘ह्यूजपेजेस फ्री’चा, म्हणजे मोकळ्या ह्यूज पेजचा, आकडा सुरुवातीपेक्षा बरोबर १०० ने कमी होता. हा आकडा बघायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला तर तो बघायचं सुचलंच नव्हतं.

मी व्हीएमस्टॅट परत पाहिलं. पिन आणि सुटका, दोन्ही अजूनही सारखे. पुढचा तासभर मी त्या दोन आकड्यांवरच अडून बसलो होतो. सगळं सोडलंय तर पानं जातील कुठे? ती म्हणाली, “आपण टोटल बघतोय ना फक्त?” माझे वडील पतपेढीत हिशेबनीस होते. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर पडले तरी दिवसाची बेरीज जुळते, आणि अशी चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे त्यांच्याकडून मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिच्या प्रश्नाने ते आठवलं. एकेका पानाचं खातं बघायला हवं होतं.

कर्नेल डीबग पर्यायांसह, म्हणजे चूक दिसताच थांबणाऱ्या तपासण्या चालू करून, पुन्हा बांधलं आणि तिचीच चाचणी चालवली. पहिल्याच वेळी यंत्र थांबलं आणि कन्सोलवर एका पानाची माहिती आली: रेफकाउंट (पान धरणाऱ्यांची एकूण मोजणी) ४४९, पिनकाउंट (त्यातल्या पिनची मोजणी) उणे ६४. उणे! पिनची संख्या शून्याखाली गेली होती.

४४९ म्हणजे ४४८ पिन आणि एक मॅपिंगचा, म्हणजे पान प्रोसेसच्या मेमरीत जोडलेलं असल्याचा. ५१२ ऐवजी ४४८ का, याचं उत्तर खऱ्या अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये होतं. ते पूलचे पहिले २५६ केबी स्वतःच्या हेडरसाठी, म्हणजे पूलबद्दलच्या नोंदींसाठी, ठेवतं आणि त्यापुढचाच भाग पिन करतं. २५६ केबी म्हणजे ६४ पानं. माझ्या चाचणीत बफर ह्यूज पेजच्या अगदी आरंभापासून सुरू व्हायचा, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसलं.

प्रत्यक्षात काय होत होतं ते मी कागदावर चौकोन काढून तिला दाखवलं, खरं तर स्वतःलाच. पहिल्या मोठ्या पानातून ४४८ वजा व्हायला हवेत, मी ५१२ करत होतो. म्हणून पुढची उडी दुसऱ्या पानाच्या पासष्टाव्या जागी पडते, तिसरी तिसऱ्याच्या पासष्टाव्या जागी, अशी शेवटपर्यंत. मधल्या प्रत्येक पानातून ५१२ च जातात, ते बरोबर आहे. शेवटी मात्र यादीत ४४८ च उरतात, आणि त्या पानावर तर ५१२ पिन आहेत. पहिलं पान उणे ६४, शेवटचं अधिक ६४. दोघांचीही मोजणी शून्यावर येत नाही, म्हणून दोन्ही कायमची अडकतात. आणि बेरीज? १,६७,७७,१५२ पिन केली, १,६७,७७,१५२ सोडली.

सुदैवाने आमची दोन्ही पानं नुसती अडकली. पण ज्या पानावर आणखी कुणाचा पिन आहे, त्यातून ६४ जास्त वजा झाले तर मोजणी नेमकी शून्यावर येऊन ते मोकळं होऊ शकतं. नेटवर्क कार्ड त्यात लिहीत राहील आणि ते पान तोवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेलं असेल. ग्राहकाचा डेटा त्या मेमरीतून जातो. हे लक्षात आल्यावर मी काही वेळ कीबोर्डला हातच लावला नाही.

सात वाजता माझा बदल काढून टाकला आणि ५.१३ मधला मूळ बदल तसाच आणला, नोंद न् नोंद बघणारा. वेळ १२ वरून १९० मिलिसेकंदांवर गेला. तीन सेकंदांच्या मुदतीत १९० मिलिसेकंद भरपूर झाले. ते १२ मिळवण्यासाठी मी जे पणाला लावलं होतं त्याचा हिशेब मी आधी करायला हवा होता.

ती साडेनऊपर्यंत थांबली. कळव्याला राहते, पाऊस वाढत होता, तरी ५० फेऱ्या पुन्हा पूर्ण केल्याशिवाय उठली नाही. ‘ह्यूजपेजेस फ्री’ प्रत्येक फेरीनंतर मूळ आकड्यावर येत होता. आम्ही दोघं घणसोलीहून एकाच लोकलने निघालो.

सोमवारी तिने चाचण्यांच्या संचात चार नवे बफर घातले. त्यांची सुरुवात ह्यूज पेजच्या आत १, ६४, ४४८ आणि ५११ पानं सोडून होते. प्रत्येक फेरीनंतर व्हीएमस्टॅटबरोबर मोकळ्या ह्यूज पेजचा आकडाही तपासला जातो, आणि एकानेही फरक पडला तरी कर्नेल पुढे जात नाही.