पाणीच नाही तर परसबाग कशी? तुम्ही विचारलंत म्हणून

"काकू, लातूरला प्यायला पाणी नाही आणि तुमच्या अंगणात दोडके कसे काय लटकतात?" गल्लीतल्या सुनांपासून पुण्याच्या भाचीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितेच.

आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो. 2016 चा उन्हाळा इथं कोण विसरेल, मांजरा धरण आटलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर, आणि आम्ही बायका घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. तेव्हा घरातलं पाणी मोजायची सवय लागली ती लागलीच, आणि माझी बाग त्या सवयीतून आलीय. म्हणून कुणी विचारलं की काय लावू, तर मी म्हणते बियाणं राहू द्या, आधी आठ दिवस पाणी मोजा. तांदूळ-भाज्या धुतलेलं, डाळ भिजवलेलं, हंडा विसळलेलं, सगळं एका बादलीत ओतत जा. आमच्या पाच माणसांची दिवसाला 15 लिटरची एक बादली भरते, तेवढ्यात जे जगेल तेच मी लावते. साबणाचं पाणी वेगळं, ते मोरीच्या तोंडाशी केळीला आणि कर्दळीला जातं, पालेभाजीवर कधीच नाही. फिल्टरमधून वाया जाणारं पाणीपण कुंडीत घालू नका, आपलं बोअरचं पाणी आधीच क्षाराचं, त्यातले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात अजूनच दाट होतात, थोड्या दिवसात कुंडीच्या काठाला पांढरं धरतं.

पहिल्या वर्षी मी हे काहीच केलं नव्हतं. ऐन मे महिन्यात बियांची दहा-बारा पाकिटं आणली आणि शेतातली काळी माती कुंड्यात दाबून भरली. काळी माती रानात सोनं, पण कुंडीत भिजली की चिखल आणि वाळली की कडेनं भेग, ओतलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली फरशीवर. मी रोज घालत होते आणि मुळं कोरडीच होती. मिरची, वांगी, टोमॅटो सगळं जळून गेलं, रोपांपेक्षा त्या पाण्याचं अजून वाईट वाटतं. आता दोन घमेले माती, दोन घमेले चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू, आणि वरून सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटं थर. भुसकट आपल्याकडं कुणाच्याही खळ्यावर मिळतं, फक्त ते मातीत कालवू नका, वरच राहू द्या.

पण सगळ्यात जास्त भरवसा माझा मडक्यावर आहे. कुंभाराकडचं साधं, रंग न दिलेलं, पाचेक लिटरचं मडकं घ्यायचं, अंगणात गळ्यापर्यंत पुरायचं, भोवतीनं दोडक्याच्या नाहीतर काकडीच्या चार बिया टोचायच्या आणि तोंडावर परळ, म्हणजे मातीची पसरट ताटली, झाकायचा, नाहीतर डास होतात. माती सुकली की मडकं पाझरतं, ओल असली की पाझर मंदावतो. पावसाळ्यात त्याच्याकडं फारसं बघावंच लागत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात तिसऱ्या दिवशी भरते. मागच्या संक्रांतीला वेल वाळले म्हणून एक मडकं उकरून काढलं, तर बारीक पांढऱ्या मुळांची जाळी त्याच्या सगळ्या अंगाला चिकटलेली, हात फिरवला तर ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं लागलं. पाणी कुठं आहे ते त्या वेलाला बरोबर कळलं होतं. किती वेळ तिथंच बसून बघत होते मी.

सुरुवात मृगात करा, पण पहिल्या सरीवर घाई नको, वीतभर खोल ओल गेली की मग. पहिल्या वर्षी गवार, भेंडी, दोडका, अंबाडी एवढंच बास, फुलकोबीच्या नादी लागू नका. शेवग्याचा एक फाटा मात्र रोवाच, कंबरेएवढा झाला की शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात आणि शेंगा हाताला येतात. याच दिवसात कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या वाळवून ठेवा. पुढं वालावर मावा ही कीड आली की 50 ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून संध्याकाळी फवारायचं.

आणि एप्रिल-मेमध्ये मी काहीही पेरत नाही. शेवगा, कढीपत्ता, लिंबोणी एवढंच जगवते, बाकी वाफे भुसकटाखाली झाकलेले. लोकांना हे पटत नाही, बाग म्हणजे बारा महिने हिरवी पाहिजे असं वाटतं, पण त्या दिवसात एक बादली पाण्याची किंमत काय असते ते आम्ही बघितलंय.

वालाचं मात्र मनापासून सांगते. मृगात लावला, तुराट्यांच्या मांडवावर चढवला की येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमाराला शेंगांनी लगडतो. सासूबाई सकाळी ऊन खात दाणे सोलत बसतात, ते भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीत पडतात आणि डबा घेऊन आम्ही शेतात जातो. ते बी त्यांच्या माहेरचं आहे. आठ दिवस बादली मोजून झाली की या, पाच दाणे देते.