अर्ध्यात अडकलेला पंच

२०२५च्या डिसेंबरात आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोनच विषय होते. एक विंडोज टेन. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून लोक आठ-नऊ वर्षांचा धडधाकट पीसी काखेत मारून येतात, "यावर अकरा टाकून द्या." मी उघडून बघतो तर प्रोसेसर सातव्या पिढीचा, अकराला न चालणारा. मग टीपीएम (अकराला लागणारी सुरक्षेची चिप) म्हणजे काय आणि चांगल्या मशीनला 'चालणार नाही' का म्हणायचं, हे समजावण्यात अर्धा तास जातो.

दुसरा विषय रॅम. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला लागल्यापासून भाव दिवाळीपूर्वीच्या दुपटीच्याही वर गेले होते. त्यात ३ तारखेला मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशल नावाची किरकोळ विक्री बंद करणार. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदारच दाबून बसलाय. दाबून बसायला आधी माल तर हवा!

तर अशाच एका सकाळी भोसरी एमआयडीसीतून फोन. छोटी टूलरूम (साचे बनवणारं वर्कशॉप) आहे, शेठ जुन्या ओळखीचे. "वायरकटचा पीसी गेला. डिस्प्लेच नाही. जॉब मशीनवर आहे." वायरकट म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी स्टील कापणारं मशीन, आणि जॉब म्हणजे त्यावर कापायला लावलेला तुकडा.

मी आणि दुकानातला पोरगा निघालो. या पोराला जुन्या कॉम्प्युटरचं भारी वेड. १९८२ सालचा कमोडोर ६४ नव्या चिपवर पुन्हा बाजारात आला, ती बातमी त्याने मला चार वेळा तरी दाखवली असेल. मी दरवेळी विचारतो, "त्यावर जीएसटीचं बिल निघेल का?"

टूलरूममध्ये शिरलो तर मशीनवर डी-टू नावाच्या कठीण स्टीलची जाड पाटी आवळलेली, तिच्यातून काढायचा पंच (डायमधला पत्रा कापणारा ठोकळा) अर्धाच कापलेला. ०.१८ मिलिमीटरची मोलिब्डेनमची तार त्या फटीत तशीच उभी. शेजारी स्टुलावर ऑपरेटर मामा बसलेले. कुणी पाटीला हात लावायला गेलं की, "शिवू नका तिला." दोन्ही हँडव्हीलांवरचे आकडे त्यांनी खडूने मशीनच्या अंगावरच लिहून ठेवले होते. क्लॅम्प सैल झाला की जॉब भंगारात. आणि हा पंच ज्या डायमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यात, बसायचा ती तिसऱ्या दिवशी द्यायची होती.

शेठचा मुलगा तयारीत होता. टेबलावर नवा कोरा पीसी, आत रंगीत दिवे, बत्तीस जीबी रॅम (या भावात!). "काका, जुन्यातलं सगळं यात टाका. एकदाचं संपवू."

मी जुन्या कॅबिनेटचं झाकण काढलं. पेन्टियम थ्रीचा बोर्ड, चौसष्ट एमबी रॅम आणि खालच्या टोकाला लांबलचक काळा आयसा स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायची जुन्या पद्धतीची खाच, नव्या पीसीत नसते ती. त्यात मशीनचं कंट्रोल कार्ड.

"सर, खरा आयसा!" पोराने मोबाइल काढला.

मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो परत खिशात टाकला.

मुलाला म्हटलं, "हे कार्ड तुझ्या नव्या पीसीत कुठे खोचू?" तो म्हणाला, कन्व्हर्टर मिळत असेल की यूएसबीचा. इथेच सगळे फसतात. मशीन चालवणारा हा प्रोग्राम विंडोजच्या आधीच्या डॉसचा. तो कुठल्या ड्रायव्हरला विचारत बसत नाही, ठरलेल्या पत्त्यावर थेट आकडा टाकतो आणि कार्ड मोटरला तेवढं पाऊल टाकायला लावतं. यूएसबी मध्ये आलं की तो पत्ताही गेला आणि वेळेचा हिशेबही. आयसा स्लॉटवाले औद्योगिक बोर्ड अजून मिळतात, पण तो मागवून येईपर्यंत डायवाल्याने दुसरीकडे ऑर्डर दिली असती.

दुखणं डोळ्यांनी दिसत होतं. प्रोसेसरच्या कडेचे कॅपेसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) पुरीसारखे फुगलेले, दोघांच्या डोक्यावर तपकिरी पापुद्रा. त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांचं हेच झालं, आतला द्रव खराब. एकूण अकरा मोजले. पोराला बुधवार पेठेत तापकीर गल्लीत पिटाळलं: १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, १०५ डिग्रीचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले), आणि जाडी दहा मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर बसणार नाहीत.

तो येईपर्यंत मी हार्ड डिस्क लॅपटॉपला लावून तिची जशीच्या तशी नक्कल काढायला घेतली. ४.३ जीबीची डिस्क, आवाज जात्यासारखा. डिस्कचे तीन सेक्टर, म्हणजे तीन कप्पे, वाचले गेले नाहीत, नशिबाने तिथे काही नव्हतं. ती नक्कल कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर उतरवली. जुन्या फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यातलं हे कार्ड मुळात आयडीईचीच, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कचीच भाषा बोलतं. शंभर-दोनशेच्या अडॅप्टरवर बसवलं की डॉसला वाटतं हार्ड डिस्कच आहे. एक कार्ड मशीनला, एक शेठच्या कपाटात.

जुने कॅपेसिटर काढणं हे खरं कष्टाचं काम. बोर्डाच्या ग्राउंडचा तांब्याचा थर सगळी उष्णता पिऊन टाकतो, सोल्डरचा डाग वितळता वितळत नाही आणि जोर लावला तर भोकातली नळीच उपटून हातात येते. तीन तास गेले. कंट्रोल कार्डाचे पाय खोडरबरने घासले, तीन व्होल्टची नवी बटण-बॅटरी बसवली, स्विच दाबला. एक बीप. पोराने टाळी वाजवली.

प्रोग्राम उघडला, पडद्यावर पंचाची आकृतीही आली. पण मोटर हलेना. मामांनी बटण दाबलं की आकृतीवरचा ठिपका पुढे सरके, मशीन ढिम्म. कार्ड काढून पुन्हा बसवलं, केबल बदलली, मोटरचा पुरवठा तपासला. रात्रीचे नऊ. मुलगा नव्या पीसीकडे बघत गप्प. मीही मनातून खचलो होतो. कार्डच गेलं असेल तर ते कुठून आणणार?

पाचव्या की सहाव्या वेळी मशीन चालू करताना मामा मागून म्हणाले, "साहेब, ते खालचं चुकलंय."

"कुठलं खालचं?"

"आकडे येतात ना सुरुवातीला, चौकटीत. तिथे उजवीकडे दोन-सात-आठ असतंय. आता तीन-सात-आठ आलंय."

मी पॉझ दाबून पडदा थांबवला. पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची जोडणी): ३७८.

बॅटरी काढली तेव्हा बायॉसच्या (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सगळ्या सेटिंग मूळपदावर आल्या होत्या. कंट्रोल कार्डाचाही पत्ता ३७८च असणार, म्हणून ज्याने कुणी मशीन लावलं त्याने बोर्डावरचा पोर्ट २७८वर सरकवून जागा मोकळी केली होती. आता एकाच पत्त्यावर दोघं भांडत होते. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला हे आधी सुचायला हवं होतं. बॅटरी काढण्यापूर्वी सेटिंगचे फोटो घ्या, हे मीच पोरांना शिकवतो.

आणि मामा? पंचवीस वर्षं रोज सकाळी ती चौकट डोळ्यांसमोरून जाताना बघत होते. तिचा अर्थ काय, हे त्यांनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

सेटिंग बदलली. ड्रम घरघरला, तार पळायला लागली. मामांनी खडूचे आकडे जुळवले, सुरुवातीच्या भोकापासून करंट न देता तार जुन्याच फटीतून हळूहळू पुढे नेली. जिथे काप थांबला होता तिथे पहिली ठिणगी पडली, तोवर कुणी बोललं नाही.

मी मार्कर घेऊन कॅबिनेटच्या आत 'पोर्ट २७८' लिहायला लागलो. मामा हसले, "मी आहे ना."

"अजून किती वर्षं, मामा?"

"वर्षं कसली, मार्चमध्ये अठ्ठावन्न पुरी होतायत."

शेठच्या मुलाने मोबाइल काढला आणि म्हणाला, "काका, ती चौकट परत एकदा थांबवा."