जुन्या दफनभूमीसाठी ‘सीपीए’चा निधी मिळवताना

बॉस्टनच्या पश्चिमेला ज्या छोट्या गावात आम्ही राहतो, तेथे मालमत्ता कराच्या बिलावर मुख्य कराच्या खाली ‘सीपीए’ नावाची एक वेगळी ओळ असते. पुण्याच्या घरपट्टीत वृक्षकर आणि शिक्षणकर वेगळे दाखवलेले पाहण्याची सवय असल्यामुळे सुरुवातीची काही वर्षे मी ती ओळ न वाचताच रक्कम भरत होतो. गावातील जुन्या दफनभूमीतल्या कोसळत चाललेल्या शिळांसाठी पैसे कोठून मिळतील याचा शोध सुरू झाला, तेव्हा दफनभूमी आयोगाच्या अध्यक्षांनी त्याच ओळीकडे बोट दाखवले.

‘सीपीए’ म्हणजे कम्युनिटी प्रिझर्वेशन ॲक्ट, हा मॅसॅच्युसेट्स राज्याचा २००० सालचा कायदा आहे. तो कोणत्याही गावावर आपोआप लागू होत नाही. गावाने मतदान करून तो स्वीकारावा लागतो, आणि स्वीकारल्यावर मालमत्ता करावर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार बसवता येतो. राज्यातील ३५१ शहरे व गावांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी तो आता लागू आहे. बॉस्टनने २०१६ मध्ये १ टक्का अधिभारासह तो स्वीकारला. घराच्या किमतीतील पहिल्या एक लाख डॉलरना सूट देण्याची मुभाही गावांना आहे. सात लाखांच्या घरावर हजारी १४ डॉलरचा दर धरला, तर सूट वजा जाता उरलेल्या सहा लाखांवरचा कर ८,४०० डॉलर होतो, आणि दीड टक्का अधिभाराने त्यावर वर्षाला १२६ डॉलर पडतात. यात राज्य सरकार आपला वाटा घालते. तो पैसा दस्तनोंदणीच्या शुल्कातून येतो, त्यामुळे घरांची खरेदी-विक्री थंडावली की तोही आटतो.

या निधीतून चारच कामे करता येतात: मोकळ्या जागा, ऐतिहासिक वारसा, परवडणारी घरे आणि क्रीडा-मनोरंजनाच्या जागा. यांपैकी पहिल्या तिन्हींसाठी दरवर्षीच्या उत्पन्नाचा किमान १० टक्के भाग खर्च करावा किंवा राखून ठेवावा लागतो. उरलेल्या रकमेचे काय करायचे हे गावाच्या सीपीए समितीने सुचवायचे असते, आणि खरी रस्सीखेच तेथेच होते.

मी ग्रीन कार्डधारक आहे. मला मत नाही, पण अधिभार भरावा लागतो आणि अर्ज लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही. दफनभूमी गावाच्या मालकीची असल्यामुळे औपचारिक अर्जदार दफनभूमी आयोग होता, आणि कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले. पहिला टप्पा पात्रतेचा होता. राज्याच्या महसूल खात्याने प्रसिद्ध केलेल्या एका तक्त्यात आडव्या ओळींत ‘संपादन’, ‘निर्मिती’, ‘जतन’, ‘पुनर्वसन’ अशी कामे आणि उभ्या रकान्यांत चार प्रकार आहेत. आपले काम त्यातील योग्य चौकटीत बसले नाही, तर ते कितीही चांगले असले तरी पैसे मिळत नाहीत. तुटलेली शिळा सांधून पुन्हा उभी करणे जतनात बसते. गवत कापणे ही देखभाल ठरते, आणि देखभालीवर या निधीतला एक डॉलरही खर्च करता येत नाही. आयोगाला गवत कापण्याच्या यंत्राची गरज होती आणि ती खरीही होती, पण ती मागणी अर्जात घालायची नाही हे त्यांना समजावण्यात माझी बरीच शक्ती गेली.

दुसरा प्रश्न गावाच्या वकिलांनी काढला. दफनभूमी चर्चला लागून आहे, आणि शेजारच्या ॲक्टन गावाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सीपीएच्या पैशातून चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांचे काम करण्यास मनाई केली होती. त्यामुळे जमीन चर्चची नसून गावाची आहे याचा पुरावा हवा होता. अठराव्या शतकातले खरेदीखत कोणापाशी असणार? अखेर नगर लिपिकांच्या तळघरातील जुन्या इतिवृत्तांत, गावसभेने त्या जागेच्या कुंपणासाठी पैसे मंजूर केल्याच्या नोंदी सापडल्या आणि वकिलांचे समाधान झाले. स्थानिक ऐतिहासिक आयोगाने जागेचे महत्त्व मान्य करणारे पत्रही दिले; राज्याच्या ऐतिहासिक नोंदवहीत नसलेल्या जागेला असे पत्र पुरेसे ठरते.

यानंतर शिळांची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञ महिलेबरोबर आम्ही सगळी दफनभूमी पालथी घातली. बहुतेक जुन्या शिळा पाटीच्या दगडाच्या आहेत, आणि त्यांच्या माथ्यावर पंख फुटलेली कवटी कोरलेली आहे. एका शिळेपाशी त्या गुडघ्यांवर बसल्या आणि मधोमध गेलेल्या भेगेवरून त्यांनी बोट फिरवले. पूर्वी कधीतरी कोणी तुटलेले दोन तुकडे लोखंडी खिळे आणि सिमेंट वापरून जोडले होते. खिळे गंजून फुगले, सिमेंट मुळीच हलले नाही, आणि मधला दगड पापुद्र्यांनी सुटू लागला. चुन्यात बांधलेल्या वाड्याला सिमेंटचे ठिगळ लावले की काय होते हे वाई-साताऱ्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यांच्या अहवालात प्रत्येक शिळेला क्रमांक, छायाचित्र आणि धोक्याची श्रेणी होती. माझ्या मते अर्ज तरला तो त्या श्रेणीमुळे.

कारण जाहीर सुनावणीत गाठ पडली ती घरांच्या अर्जाशी. गावाच्या गृहनिर्माण न्यासाने त्याच वर्षी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी मोठी रक्कम मागितली होती, आणि एका बाईंनी मला उद्देशून सरळ विचारले की, येथे शिकवणाऱ्या शिक्षकांना येथे राहणे परवडत नसताना मृतांवर खर्च करणे योग्य आहे का. प्रश्न रास्त होता. वारशासाठी राखलेले १० टक्के घरांकडे वळवताच येत नाहीत, हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते, पण आमची मूळ मागणी त्या राखीव रकमेच्या बरीच वर जात होती. समितीने तोडगा सुचवला की, सर्वांत धोकादायक श्रेणीतील शिळांचे काम आधी घ्यावे आणि ते राखीव रकमेतच बसवावे. आयोगातील काहींना ही कपात खटकली. मला ती योग्य वाटली आणि तसे मी तेथेच सांगितले.

समितीच्या शिफारशीशिवाय गावसभा हा निधी खर्च करू शकत नाही; शिफारस केलेली रक्कम ती कमी करू शकते किंवा फेटाळू शकते, पण वाढवू शकत नाही. वसंतातल्या त्या सभेत शाळेच्या व्यायामशाळेत नोंदणीकृत मतदार मध्यभागी बसले होते आणि आम्हा बिनमताच्या लोकांना दोरीपलीकडच्या खुर्च्या होत्या. आमचा विषय एकगठ्ठा मंजुरीच्या यादीत होता, परंतु एका ज्येष्ठ नागरिकाने तो बाहेर काढण्याची मागणी केली. सभा चालवणाऱ्या मॉडरेटरच्या परवानगीने मला बोलता आले. सांधलेल्या शिळा पुन्हा पडल्या तर जबाबदार कोण, एवढेच त्या गृहस्थांना जाणून घ्यायचे होते. कंत्राटात हमीचे कलम राहील असे मी सांगितल्यावर ते बसले आणि हात वर करून घेतलेल्या मतदानात विषय मंजूर झाला. घरांच्या विषयावरची चर्चा त्यानंतर रात्री उशिरापर्यंत चालली आणि तोही संमत झाला.

पैसे मात्र १ जुलैला नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यावरच उपलब्ध झाले. आयोग आणि समिती यांच्यात अनुदानाचा करार झाला, आणि काम झाल्यावर बिल, छायाचित्रे व तज्ज्ञांचा शेरा सादर केला की रक्कम सुटायची. चुना थंडीत नीट धरत नाही, म्हणून बर्फाआधी संपेल एवढेच काम त्या मोसमात घेतले. अंतिम हिशेबात थोडी रक्कम उरली आणि ती वारशाच्या राखीव खात्यात परत जमा झाली. दुसऱ्या टप्प्याचा अर्ज आयोगाने आता दिला आहे. त्यात नंतरच्या काळातल्या संगमरवरी शिळा आहेत, आणि त्यांच्या दुरुस्तीची दरपत्रके पाटीच्या दगडापेक्षा महाग आली आहेत.