बार कुठल्या ग्रेडची आहे?

चाकणच्या एका व्हेंडरकडे इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) नवा लॉट लीक टेस्टला लावला आणि सुरुवातीच्या कोअरमधूनच बुडबुडे यायला लागले. खाणीतल्या टिपरसाठीचे बार-प्लेट प्रकारचे कोअर होते, आणि त्यांचं सोर्सिंग माझ्याकडे. दुपारी मी पोहोचले तेव्हा पाण्याच्या टाकीभोवती घोळका जमला होता आणि सगळ्यांचा संशय भट्टीवर होता.

भट्टीवर संशय जाणं साहजिकच. कोअर म्हणजे पातळ प्लेट, मध्ये नागमोडी फिन आणि कडेला बार, असे थरावर थर. हे सगळं फिक्स्चरमध्ये आवळून नायट्रोजन भरलेल्या भट्टीत 600 अंशांच्या आसपास तापवायचं. प्लेट 3003 या ॲल्युमिनियम ग्रेडची, तिच्या दोन्ही अंगांना 4343 या दुसऱ्या ॲल्युमिनियम ग्रेडचा पातळ थर. 4343 मध्ये सात-आठ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे ते 577 अंशांना वितळू लागतं. 3003 मात्र 640 च्या पुढेपर्यंत घट्ट राहतं. या फरकावरच सगळं ब्रेझिंग, म्हणजे थर वितळवून पार्ट जोडणं, चालतं. भट्टीत ऑक्सिजन वाढला, ओल शिरली किंवा पार्टवर तेल राहिलं, तर जोड धरत नाही.

भट्टीवरच्या दादांनी रेकॉर्ड समोर ठेवलं. ऑक्सिजन 100 पीपीएमच्या खाली, ड्यू पॉइंट (भट्टीतल्या हवेत ओल किती ते सांगणारं तापमान) उणे 40 च्याही खाली. फ्लक्सचा (जोड धरावा म्हणून लावायच्या रसायनाचा) ड्रम तोच, बेल्टचा स्पीड तोच. "मॅडम, याच भट्टीतून आज सकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल निघालाय, एकही लीक नाही," ते म्हणाले. आवाज शांत होता, पण त्यांना लागलं होतं हे दिसत होतं.

मी एक गळका कोअर बँडसॉवर मधोमध कापून घेतला. काप घासून उजेडाला धरला आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं. फिन आणि प्लेटचा जोड सुंदर होता: गोल, चकचकीत, काठोकाठ भरलेला. त्याच प्लेटवर दोन बोटं पलीकडे, बारच्या कडेला मात्र धातू मागे सरून थांबलेला, आणि फटीत राखाडी भुकटी. फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान त्या फटीत सहज सरकलं. भट्टी बिघडली असती तर फिनचेही जोड बिघडले असते. भट्टी एक, फ्लक्स एक, प्लेट एक. वेगळी होती ती फक्त बार.

"बार कुठल्या ग्रेडची आहे?" मी विचारलं. फाइलमध्ये प्लेटचं टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) होतं, फिनचं होतं. बारचं नव्हतं.

क्वालिटीच्या मुलाने एक्सआरएफ गन आणली, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र. आता, ही गन मॅग्नेशियमच्या बाबतीत भरवशाची नाही. इतका हलका धातू टक्क्याच्या खाली असला की ती गडबडते. पण मँगनीज ती चोख दाखवते. 3003 असेल तर मँगनीज एक ते दीड टक्का दिसायलाच हवं. बारवर गन टेकवली तर जवळजवळ शून्य. तुकडा लगेच भोसरीच्या लॅबमध्ये स्पार्क टेस्टला, म्हणजे ठिणगी पाडून घटक मोजायला, पाठवला. संध्याकाळी रिपोर्ट आला: मॅग्नेशियम अर्ध्या टक्क्याहून जास्त, सिलिकॉन त्याच्या जवळपास. म्हणजे 6063, बाजारात ज्याला एचई-9 म्हणतात ते. खिडक्यांच्या सेक्शनला वापरतात तेच.

मालक वयाने मोठे, कामाचे पक्के. त्यांनी काही लपवलं नाही. "3003 चं एक्स्ट्रूजन कमी क्वांटिटीत कोणी काढून देत नाही, मॅडम. एचई-9 उद्या मागितलं तर उद्या मिळतं. आणि ते तर जास्त स्ट्राँग आहे ना?"

कागदावर आहेच. 6063 ची टी-5 मध्ये, म्हणजे उष्णतेने कडक केलेल्या अवस्थेत, यील्ड स्ट्रेंग्थ 145 मेगापास्कलच्या आसपास, 3003 ची नरम अवस्थेत 40 च्या घरात. पण 600 अंशांतून बाहेर आल्यावर तो टी-5 शिल्लक राहत नाही. मी म्हटलं, "काका, ताकद भट्टीतच गेली, आणि मॅग्नेशियमने जाता जाता फ्लक्स खाल्ला." ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फ्लक्स काढतो, तेव्हाच वितळलेला थर फटीत शिरतो. मॅग्नेशियम त्या फ्लक्समधल्या फ्लोराइडशीच संयोग पावतं, फ्लक्सचा वितळबिंदू चढतो आणि पापुद्रा तसाच राहतो. फटीतली राखाडी भुकटी त्यातूनच आली असणार, असं माझं मत.

"मग एचई-20 लावू?" त्यांनी विचारलं. माझ्या अंगावर काटाच आला. एचई-20 म्हणजे 6061. त्यात मॅग्नेशियम आणखी जास्त, आणि ते 582 अंशांनाच वितळायला लागतं. 6063 ची बार निदान आकाराने शाबूत राहिली होती. ही भट्टीतच बसली असती. सीझियमवाला फ्लक्स थोडं जास्त मॅग्नेशियम सोसतो, तोही विषय निघाला, पण त्याचा भाव ऐकून काकांनीच नको म्हटलं.

व्हॅक्यूम भट्टीत मात्र हेच मॅग्नेशियम मुद्दाम घालतात. तिथल्या 4004 च्या थरात ते एक ते दोन टक्के असतं. वाफ होऊन उरलासुरला ऑक्सिजन तेच टिपतं, म्हणून फ्लक्स लागत नाही. त्यामुळे आता कोणी मला इंटरकूलरसाठी चांगला ग्रेड विचारला की मी आधी भट्टी कुठली ते विचारते.

निघण्याआधी टँकच्या, म्हणजे कोअरच्या टोकांना जोडायच्या हवेच्या पेट्यांच्या, वेल्डिंगकडेही गेले. तिथे टिग मशीनशेजारी 5356 चे रॉड पडले होते. त्यात पाच टक्के मॅग्नेशियम. 65 अंशांच्या वर सतत तापणाऱ्या जोडाला त्याने स्ट्रेस करोजनच्या भेगा पडू शकतात, आणि टर्बोतून आलेली हवा तर दीडशेच्या पुढे असते. ते पाकीट मी तिथून उचलायला लावलं आणि 4043 लिहून दिला.

लॉट भंगारात गेला. न वापरलेल्या बार काकांनी खिडकीवाल्या फॅब्रिकेटरला विकल्या. 3003 ची किमान ऑर्डर भरावी म्हणून आमच्या आणखी दोन मॉडेलच्या बार त्याच सेक्शनमध्ये बसवल्या, ड्रॉइंगवर प्रत्येक पार्टसमोर वेगळा ग्रेड लिहिला, आणि बारच्या प्रत्येक हीटचा (एका वेळी ओतलेल्या धातूच्या बॅचचा) स्पार्क रिपोर्ट आल्याशिवाय कोअर रचायचा नाही हे पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) घातलं. दर किलोमागे थोडा वाढला. मी तो मंजूर केला.