तळव्यावरचा नकाशा

तळव्यावर प्रत्येक अवयवाची जागा असते असं मानून ती दाबणाऱ्या रिफ्लेक्सॉलॉजीच्या केंद्रात भिंतीवर दोन तळव्यांचा रंगीत तक्ता हमखास लावलेला असतो. नंबर येईपर्यंत तोच वाचत बसायचं. अंगठ्यात मेंदू, चवड्यावर फुप्फुसं, मधल्या खोलगट भागात जठर नि मूत्रपिंडं, टाचेकडे कमरेखालचा सगळा कारभार. यकृत उजव्या पायात, हृदय डाव्या. पायाच्या आतल्या कडेनं पाठीचा कणा. एका पायात २६ हाडं असतात हे शाळेत शिकवलं होतं. त्यांच्यावर अख्खा माणूस बिऱ्हाड करून राहतो, हे इथे कळतं.

मग ताई येतात, आपला पाय मांडीवर घेतात आणि अंगठ्याच्या टोकानं तळव्यावर दाब देत सुरवंटासारख्या इंच-इंच पुढे सरकतात. मध्येच थांबून म्हणतात, "इथे कचकच लागतेय. मान धरते ना?" आपण चकित होऊन "हो" म्हणतो. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्यांत मान न धरणारा माणूस त्यांना कधी भेटत असेल का, हा प्रश्न घरी आल्यावर सुचतो.

खरी अडचण पाय मांडीवर देण्याचीच. चुकून कुणाला पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार करणारी आपण माणसं. पाय कुणी कुणाचे चेपायचे याचं कोष्टकही ठरलेलं: नातवानं आजोबांचे, सुनेनं सासूचे, लक्ष्मीनं विष्णूचे. उलटं चालत नाही. अपवाद आषाढी वारीचा. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्यांचे पाय मुक्कामाच्या गावी स्वयंसेवक चेपून देतात, त्यांत फिजिओथेरपीची मुलंमुलीही असतात. भेगाळलेल्या टाचांना तेल चोळून झालं की वर त्याच पायांवर डोकं ठेवायचं. बदल्यात तो वारकरीही वाकतो, मग कोण कुणाच्या पाया पडतंय याचा हिशोबच राहत नाही. तिथे कुठला तक्ता लागत नाही.

आता त्या तक्त्याविषयी. ही विद्या हजारो वर्षांची म्हणून सांगतात आणि इजिप्तमधल्या सक्काराच्या थडग्यातलं चित्र दाखवतात. त्यात काही माणसं दुसऱ्यांच्या हातापायांवर काम करताना दिसतात खरी. पण ती नखंही कापत असतील. आजची पद्धत मात्र अमेरिकेतली आणि बरीच अलीकडची. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले. बोटांना चिमटे नि रबरबँड लावून ते त्या पट्ट्यातली वेदना बधिर करू पाहायचे. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी १९३०च्या दशकात चिमटे सोडून अंगठा वापरला, तळव्यावर एकेका अवयवाची जागा ठरवली आणि १९३८मध्ये पुस्तक काढलं. म्हणजे नकाशा अजून शंभरीचाही नाही. त्यातही दोन तक्ते शेजारी ठेवले तर अवयव इकडचे तिकडे झालेले सापडतात.

तळव्यातून यकृतापर्यंत जाणारी अशी वेगळी वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही, आणि रिफ्लेक्सॉलॉजीनं अमुक आजार बरा होतो असा भरवशाचा पुरावाही नाही. पण पाय हलके वाटतात, गुंगी येते, त्या रात्री झोप छान लागते. मी पैसे मोजते ते त्या झोपेचे. त्यासाठी नकाशा खरा असायची गरज नाही. मात्र बीपीची गोळी चालूच ठेवायची. पूरक उपचार म्हणतात तो एवढ्यासाठीच. मधुमेहानं तळवे बधिर झाले असतील, किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर चेपून न घेता आधी डॉक्टर गाठायचा. पोटरीत रक्ताची गुठळी असली तर चोळणं जिवावर बेतू शकतं.

आमच्या घरचा उपाय काशाच्या वाटीचा. तळव्याला तूप लावायचं आणि वाटीच्या बुडानं गोलगोल घासायचं. तूप हळूहळू राखाडी, मग काळं होतं, आणि आजी समाधानानं म्हणायची, "बघ, किती उष्णता निघाली!" आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट यानंही अभ्यंग सांगताना डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावायला सांगितलंय, तेव्हा आजीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. काळं मात्र काशाचंच: घासून, घामानं आणि तुपातल्या आम्लांनी झिजलेलं तांबं-कथील.

हल्ली त्याच वाटीचं विजेवर फिरणारं यंत्र आलंय. एका प्रदर्शनात विक्रेत्यानं माझे काळे तळवे मलाच दाखवले. "बघा काकू, किती टॉक्सिन्स!"

"तूप लावून लाटणं ठेव बरं यावर," मी म्हटलं. "तेही काळं होईल."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे. "तुम्हाला पाचशे रुपये कमी करतो," म्हणाला.